भिंगरीचे दुर्गुण, आत्याच्या तोंडून

भिंगरी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा ती नापास होईल अशी काळजी तिच्या घरात कोणालाच नव्हती. तिला स्वतःला धास्ती होती ती पास होण्याची. कारण परीक्षा संपली की तिने बॅग भरून आत्याकडे जायचं, हे ठरलेलं होतं. ठरवलं अर्थातच आत्याने.

आत्या म्हणजे भिंगरीच्या वडिलांची थोरली बहीण. सगळी हयात हेडनर्स म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्या गावी वृद्धांसाठी एक छोटा आश्रम काढला. तिथे उशा एका रेषेत, चपला एका रेषेत आणि माणसंही शक्यतो एका रेषेत. आश्रमातल्या आजोबांना खोकला आला तरी आधी आत्या कुठे आहे ते बघून मगच ते खोकतात, असं भिंगरी सांगे. भिंगरीचे वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत. दिवसभर दुसऱ्यांना स्वच्छ दिसावं म्हणून खपणारा हा गृहस्थ ताई घरी आली की स्वतः मात्र मान वर करून बघत नसे.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दुसरीत माझ्या वर्गात होती. एका जागी बसवली की निम्मा धडा संपेपर्यंत खिडकीपाशी, उरलेला संपेपर्यंत दाराशी. पोरांनी नाव पाडलं ते पाडलं, पण हजेरी घेताना एकदा माझ्याही तोंडून ते निसटलं आणि ती ठणठणीत आवाजात ‘हजर’ म्हणाली. तेव्हापासून तेच. ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे तिची प्रगती मला निकालपत्रापेक्षा जिन्यातल्या पावलांवरूनच जास्त कळत आली आहे.

तिला मोठ्या हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात काम करायचं होतं. हे तिने आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा वडील दुसऱ्या खोलीत जाऊन उभे राहिले.

“करायचंय म्हणून कोण देतंय?” आत्या म्हणाली. “परीक्षेच्या आधी हातात नोकरी असेल तर खुशाल जा तिकडे. नसेल तर इकडे ये. मी कधी कोणावर जबरदस्ती केली आहे का?”

दुसऱ्या खोलीतून फक्त खोकल्याचा आवाज आला.

हल्ली मोठी हॉस्पिटलं निकालाची वाट बघत नाहीत. शेवटच्या वर्षाची मुलंमुली आधीच निवडून ठेवतात आणि पास झाल्यावर कामावर घेतात. म्हणजे लग्न ठरवून ठेवायचं, फक्त नवरदेव परीक्षेत पास व्हायचा बाकी. भिंगरीने अर्जांचा सपाटा लावला. एक अर्ज नीट लिहिला आणि मग तोच सगळीकडे, वरचं नाव बदलून. ‘आपल्या हॉस्पिटलाबद्दल मला लहानपणापासून आदर आहे’ हे वाक्य तिला फार आवडलं होतं. ते तिने ज्यांना पाठवलं, त्यातलं एक हॉस्पिटल गेल्याच वर्षी सुरू झालं होतं. दुसऱ्या एका ठिकाणी वरचं नाव बदललं, पण शेवटच्या ओळीतलं बदलायचं राहिलं. तिथून उत्तर आलं, की आपण ज्या हॉस्पिटलात काम करू इच्छिता तिथे आपल्याला यश मिळो.

बाकीच्यांनी अनुभव मागितला.

“बाई, हे म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नका म्हणण्यासारखं झालं की नाही?” माझ्या दारात उभी राहून ती तावातावाने म्हणाली.

तिची आई मागून भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. ती जलतरण तलावावर तिकिटं देते. ती जिन्यातूनच म्हणाली, “आमच्याकडे खोल पाण्याच्या बाजूला तसाच फलक लावलाय. आणि तो बरोबर आहे.”

शेवटी एका हॉस्पिटलातून मुलाखतीचं बोलावणं आलं. शहरातलं मोठं हॉस्पिटल, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमधून थोड्याच जागा भरायच्या होत्या आणि त्यातली एक लहान मुलांच्या वॉर्डातली. परीक्षा तोंडावर आली होती. आता दुसरीकडून बोलावणं येण्याची आशा नव्हती. ही नोकरी मिळाली नाही तर आत्या, हे भिंगरीला स्पष्ट दिसत होतं.

अशा वेळी एखादी मुलगी अभ्यास करते. भिंगरीने काय केलं, तर दवंडीला एक थाप मारली.

दवंडी ही तिची वर्गमैत्रीण, आणि हेही नाव पाडलेलंच. कॉलेजात एकाच बाकावर बसून दोघी डबा खात. मुलगी मनाने लोण्यासारखी, पण तिच्या कानात पडलेली गोष्ट तोंडातून बाहेर पडायला एक जिनाही पुरत नसे. प्रश्नपत्रिका कोण काढणार, कोणत्या सिस्टरची बदली होणार, सगळं तिला आधी कळे आणि ती ते ‘तुला म्हणून सांगते’ म्हणत सगळ्या वर्गाला सांगे. तिलाही त्याच मुलाखतीचं बोलावणं होतं. ती दिवसभर आपल्याला आतली माहिती आहे असा चेहरा करून हिंडत होती. भिंगरीला राहवलं नाही.

“तुला म्हणून सांगते,” भिंगरी तिच्याच चालीवर म्हणाली. “त्यांची खरी मुलाखत आत होतच नाही.”

“मग?”

“बाहेर. जिथे आपण वाट बघत बसतो ना, तिथे एक माणूस आधीच बसवून ठेवलेला असतो. दिसायला साधाच. पण त्याला काहीतरी होत असतं. जी ओळखेल आणि सगळ्यांत आधी उठेल, तिची निवड. आत नुसतं नाव विचारतात.”

“कोणी सांगितलं तुला?”

“ते विचारू नकोस,” भिंगरी म्हणाली. खोटं बोलताना पुरावा मागितला, की असं गंभीर व्हायचं, हे तिला दुसरीपासून येत होतं.

ही गंमत संध्याकाळपर्यंत वर्गात फिरेल आणि उद्या हसून संपेल, असा तिचा अंदाज होता. पण दवंडीची ताकद तिने कमी लेखली. दोन दिवसांत ही बातमी शहरातल्या बाकीच्या कॉलेजांतूनही फिरून तिच्याकडेच परत आली, आणि वाटेत तिला अंगही फुटलं होतं. एक मुलगा तिला बसथांब्यावर म्हणाला, “तो माणूस नाटकातला नट असतो म्हणे. घाम आणायचं औषध घेऊन येतो.” भिंगरी म्हणाली, “असं? मला माहीतच नव्हतं.”

मुलाखतीच्या दिवशी हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये उमेदवार जमले. एका लोखंडी दांडीला जोडलेल्या खुर्च्या, भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र, कोपऱ्यात मुलाखत घेणाऱ्या मेट्रनबाईंच्या, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या मुख्य बाईंच्या खोलीचं बंद दार. सगळ्यांचे गणवेश कडक इस्त्रीचे, खांद्याखाली घड्याळं टोचलेली. मुलाखतीला आलेली मुलं एरवी चुळबुळत खाली बघतात, मनात उत्तरं घोकतात. इथे एकही जण खाली बघत नव्हता. सगळ्यांच्या नजरा हॉलभर फिरत होत्या. कोणाच्या तरी काकांनी जांभई दिली, तर चार माना तिकडे वळल्या. एका सफाई करणाऱ्या मावशींनी पाठीला हात लावला, तशी एक मुलगी अर्धी उठलीसुद्धा. मावशी म्हणाल्या, “बस गं, रोजचंच आहे.”

भिंगरी शेवटच्या खुर्चीवर बसून ओठ दाताखाली दाबत होती. हसू आवरण्यासाठी तिने भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र इतक्या वेळा वाचलं, की त्या विषयावर तिला आता कोणी हरवू शकलं नसतं.

हॉलमध्ये आणखी एक माणूस होता. एसीवाले काका. छताजवळच्या एसीचं झाकण उघडून, शिडीवर उभे राहून ते बराच वेळ आत काहीतरी पिळत होते. वयाने पन्नाशीपुढचे, अंगाने भरलेले. एसी बंद, खिडक्या बंद, त्यामुळे हॉलमध्ये उकाडा आणि वर छताशी तर भट्टीच. काम अर्धं झालं तसे ते हळूहळू खाली उतरले, खुर्चीवर टेकले, तोंडाने ‘हुश्श’ केलं आणि रुमालाने मान पुसली.

सगळा हॉल उठला.

पुढच्या प्रसंगाबद्दल मी भिंगरीकडून ऐकलं, दवंडीकडून ऐकलं आणि नंतर आमच्या इमारतीतल्या ज्यांनी दवंडीकडून ऐकलं होतं त्यांच्याकडूनही ऐकलं. सगळ्यांच्या सांगण्यात जे समान होतं तेवढंच लिहिते.

एकीने काकांचं मनगट धरलं. दुसरीने दुसरं. एकाने त्यांच्या कॉलरचं बटण काढलं. चार खुर्च्या रिकाम्या करून त्यांना आडवं करण्यात आलं आणि त्यांचे पाय कोणाच्या तरी बॅगेवर चढवले.

“काका, नाव सांगा बरं तुमचं!”

“आज वार कोणता?”

“छातीत दुखतंय का? डावीकडे? हाताकडे जातंय?”

“अहो, मी एसी दुरुस्त करायला आलोय!” काका म्हणाले.

“हो हो, एसीच,” एक मुलगी समजुतीने म्हणाली आणि बाकीच्यांकडे बघून तिने डोळे मिचकावले. काय सुंदर काम करतोय माणूस, असा त्याचा अर्थ होता.

“मला सोडा! मला काही झालेलं नाही!”

“रुग्ण गोंधळलेला आहे,” एकजण मोठ्याने म्हणाला. हे बंद दारापलीकडे ऐकू जावं अशी त्याची इच्छा होती. “रुग्णाला आपला आजार मान्य नाही.”

एका मुलीने पिशवीतून बीपी मोजायचं यंत्र काढलं. ते लगेच दुसरीने घेतलं, तिच्याकडून तिसऱ्याने. प्रत्येकाने पट्टा बांधला, फुगवला, आकडा मोठ्याने सांगितला आणि पुढच्याला तो पटला नाही म्हणून त्याने पुन्हा बांधला. काकांचा चेहरा आता खरोखरच लाल व्हायला लागला होता. आणि भिंगरी शेवटच्या खुर्चीवर तोंडावर रुमाल धरून थरथरत होती. हसण्याने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एक मुलगी जाताजाता तिला म्हणालीसुद्धा, “घाबरू नकोस, वाचेल तो.”

दार उघडलं आणि मेट्रनबाई बाहेर आल्या. उंच, सडपातळ बाई. त्यांनी आवाज चढवला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, आणि बीपीच्या पट्ट्यातली हवा आपोआप गेली.

“काय झालंय यांना?”

सगळे एकदम बोलायला लागले. बाईंनी हात वर केला. “बीपी किती?”

एकाने एक आकडा सांगितला, दुसरीने दुसरा, तिसऱ्याने तिसरा. त्यातल्या एका आकड्यानुसार काकांना ताबडतोब अतिदक्षता विभागात न्यायला हवं होतं आणि दुसऱ्यानुसार ते मघाशीच वारले होते.

“हे कुठून आले होते?” बाईंनी विचारलं.

“शिडीवरून,” कोणीतरी पुटपुटलं.

“शिडी उतरून आलेला माणूस धापा टाकेल की गाणं म्हणेल? त्यांना निवांत बसू दिलंत? बाही वर केलीत? त्यांना विचारलंत हात लावू का म्हणून?”

काका उठून बसत होते. शर्टाचं बटण लावत ते म्हणाले, “मॅडम, मी गेली कित्येक वर्षं इथे एसी बघतो. आजवर मला इथे कोणी हात लावला नव्हता.”

मग कशावरून हे झालं याची चौकशी निघाली. नट बसवलेला असतो ही बातमी बाईंनी दोनदा सांगायला लावली, कारण पहिल्यांदा त्यांचा आपल्या कानांवर विश्वास बसला नाही. कोणी सांगितलं? बोटं उठली आणि एकेक करत सगळी दवंडीकडे वळली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“बॅग घे आणि घरी जा. हॉस्पिटलात अफवा म्हणजे काय असते, हे ज्यांना कळत नाही त्यांच्या हाती मी माणसं देत नाही.” आणि मग त्यांची नजर शेवटच्या खुर्चीवर गेली. “तू का नाही उठलीस?”

भिंगरीने रुमाल खाली केला. डोळे अजून ओले होते.

“शिडी उतरून आले होते ते,” ती म्हणाली. “दमलेत असं वाटलं मला.”

आणि हे तर खरंच होतं!

“बघा,” बाई बाकीच्यांना म्हणाल्या. “एवढ्या सगळ्यांत एकीचं डोकं जागेवर होतं. त्या माणसाची अवस्था बघून डोळ्यांत पाणीही आलंय तिच्या. तू आधी आत ये. लहान मुलांच्या वॉर्डासाठी मला अशीच शांत मुलगी हवी आहे.”

शांत! दुसरीपासून तिला ओळखणाऱ्या कोणीही हा शब्द ऐकला असता, तर एसीवाल्या काकांच्या शेजारी त्यालाही आडवं करावं लागलं असतं.

भिंगरी उठली. मेट्रनबाईंच्या दारापर्यंत चारच पावलं होती. त्या दारापलीकडे लहान मुलांचा वॉर्ड होता आणि आत्या मागे राहणार होती, कायमची दूर. तिने मागे वळून बघायला नको होतं. पण ती भिंगरी, सरळ रेषेत कधी गेली नाही.

दवंडी खाली वाकून बॅग उचलत होती. तिचं तोंड उघडलं, भिंगरीकडे बघून ते तसंच राहिलं आणि मिटलं. ज्या मुलीच्या तोंडात तीळही भिजत नसे, तिने आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट गिळली, आणि तीही स्वतःच्या नोकरीसकट. बॅगेचा बंद तिने खांद्यावर घेतला आणि ती जिन्याकडे निघाली.

“मॅडम,” भिंगरी म्हणाली, “ती थाप माझी आहे.”

“काय?”

“मी तिला सांगितलं. माणूस बसवलेला असतो वगैरे. गंमत म्हणून. तिने फक्त पुढे सांगितलं. तिला काहीही सांगितलं तरी ती पुढे सांगतेच, तो तिचा दोष नाही, ते श्वास घेण्यासारखं आहे. मी रडत नव्हते. हसत होते.”

मग एसीवाले काका बोलले.

“मॅडम, कोणाला घालवायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण ती बॅगवाली मुलगी एकटीच होती जिने मला विचारलं. ‘काका, हात लावू का,’ म्हणाली. मी नको म्हटलं, तर बाजूला झाली.”

मेट्रनबाईंनी दवंडीला परत बोलावून खुर्चीवर बसवलं. भिंगरीला म्हणाल्या, “तू शिडी धर. यांचं काम होईपर्यंत. मुलाखत तुझी सगळ्यांत शेवटी. घेतलीच तर.”

एकेक उमेदवार आत जाऊन येत होता आणि भिंगरी शिडी धरून उभी होती. वरून काका अधूनमधून काहीतरी मागत आणि ती ते देई. शेवटी एसी सुरू झाला, हॉल थंड झाला आणि रिकामाही झाला. काका शिडी मिटवताना म्हणाले, “पोरी, खरं सांग, माझं बीपी किती असेल?”

“शंभर टक्के ठीक, काका,” ती म्हणाली. “ओरडत होतात ना तेव्हा आवाज अगदी खणखणीत होता.”

आत मेट्रनबाईंनी तिला बस म्हटलं नाही. कागदावरून नजर न काढता विचारलं, “तुझ्यातले दोष सांग.”

“मी फार मेहनत करते आणि स्वतःकडे लक्ष देत नाही,” भिंगरी म्हणाली. कॉलेजात सगळ्यांना हेच पाठ करायला दिलं होतं.

“आज सकाळपासून सगळेच फार मेहनत करतायत,” बाई म्हणाल्या. “स्वतःचे दोष कोणाला सांगता येत नाहीत. दुसऱ्यांना विचारावे लागतात. या पेशातलं कोणी आहे का, जे तुला नीट ओळखतं? कॉलेजचे शिक्षक नकोत, ते सगळ्यांना चांगलंच म्हणतात.”

या पेशातलं, आणि नीट ओळखणारं. भिंगरीच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला आणि तो पुसून टाकावा असं तिला वाटलं. पण मघाशी एकदा खरं बोलून झालं होतं, आता दुसऱ्यांदा खोटं बोलण्याचं बळ उरलं नव्हतं.

“आत्या आहे,” ती म्हणाली. “हेडनर्स होती. सुट्टीत मी तिच्या आश्रमात काम केलंय. पण मॅडम, तिला नका विचारू. तिला मी तिच्याकडेच हवी आहे. ती माझ्याबद्दल एक शब्द चांगला बोलणार नाही.”

“मग तिलाच विचारते,” असं म्हणत बाईंनी नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. आत्याचा आवाज तसाही मोठा करावा लागत नाही.

बाईंनी आपली ओळख सांगितली. पलीकडे आत्याने घसा साफ केला. भिंगरीने डोळे मिटले.

“कामाची नाही ती,” आत्या म्हणाली. “तुम्ही मोठ्या हॉस्पिटलातल्या, म्हणून तुम्हाला अंधारात ठेवत नाही. एक नंबरची लबाड आहे.”

“लबाड म्हणजे?”

“अहो, आमच्याकडे एक आजोबा आहेत. गोळी घेत नाहीत. मी त्यांना रीतसर समजावून देते, तरी तोंड मिटून बसतात. ही आली आणि त्यांच्याशी पैज लावायला लागली, की आधी पाणी कोण संपवतं. गोळी कधी पोटात गेली ते त्यांना कळायचंच नाही. आता ती गेल्यापासून ते माझ्याशीही पैज लावायला बघतात! ही शिस्त झाली?”

“नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“शिवाय बडबडी. अंघोळ घालताना बडबड, अंथरूण बदलताना बडबड. एका आजींच्या पाठीला जखम व्हायला लागली होती, ती हिला दिसली. कशी दिसली? तर हिला त्यांच्या पाठीवर पावडर लावता लावता गोष्ट सांगायची होती. वेळेवर दिसली म्हणून बरी झाली. पण काम करताना गोष्टी सांगायच्या असतात का?”

“नसतात.”

“आणि हट्टी. मी म्हटलं, त्या कोपऱ्यातल्या बाईंच्या नादी लागू नकोस, त्या कोणाशी बोलत नाहीत. तर रोज जाऊन बसली. आता त्या बोलतात. दिवसभर बोलतात! सगळ्यांचा कान खातात. कोणामुळे?”

मेट्रनबाईंनी खुर्चीत मागे टेकून घेतलं होतं. “म्हणजे घेऊ नको म्हणता तिला?”

“मुळीच नको. तुमचं नुकसान होईल. द्या इकडे पाठवून, मी घेईन सांभाळून. आपली पोर आहे, काय करणार?”

“अहो ताई,” मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, “मीही आयुष्यभर नर्सच सांभाळल्यात. माझ्याकडची चांगली मुलगी दुसरीकडे जायला निघाली आणि तिकडून फोन आला, की मी तिच्याबद्दल अस्संच बोलते. ज्या जाव्यात असं वाटतं, त्यांची तर मी तोंड भरून स्तुती करते.”

भिंगरीने एक डोळा उघडला.

“मीही तेच करायचे,” आत्या म्हणाली. मग आवाज खाली आणून, जणू भिंगरी शेजारच्या खोलीत आहे आणि तिला ऐकू जायला नको, “ऐका. तिला सकाळी उपाशीपोटी कामाला लावू नका. चिडचिड करते.”

लहान मुलांचा वॉर्ड भिंगरीला मिळाला नाही. ती जागा दवंडीला मिळाली. विचारल्याशिवाय हात न लावणारी मुलगी मुलांकडेच हवी, असं मेट्रनबाई म्हणाल्या. भिंगरीला पुरुषांचा वॉर्ड मिळाला, जिथे बहुतेक सगळे साठीच्या पुढचे आणि गोळ्या न घेणारे आहेत. पास झाल्यास रुजू व्हावे, असं पत्र आलं. ते घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला विचारलं, “म्हणजे अखेर म्हातारेच?”

“म्हातारे चालतील, बाई,” ती म्हणाली. “फक्त आत्या नको.”

दुसऱ्याच दिवशी आत्या आली. दोन बॅगा घेऊन.

“माझ्या शब्दावर तिला नोकरी लागलीये,” जिना चढतानाच तिने जाहीर केलं, म्हणजे सगळ्या मजल्यांवर एकदमच कळलं. “आता ही नापास झाली तर अब्रू माझी जाईल. निकाल लागेपर्यंत मी इथेच.” आश्रम तिने कामावरच्या बायकांवर सोपवला होता. तिकडचे लोक तेवढे दिवस मोकळेपणी खोकले असतील.

मग आमच्या इमारतीने जे भोगलं ते काय सांगावं. पहाटे वरून आत्याचा प्रश्न ऐकू येई आणि पाठोपाठ भिंगरीचं झोपेतलं उत्तर. भिंगरीच्या वडिलांना पट्ट्या बांधून बांधून त्यांचे दोन्ही हात आणि एक पाय सरावाला लावले. आई तलावावरून परत यायला मुद्दाम उशीर करायला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने जिना सोडून लिफ्टची वाट बघायला सुरुवात केली, कारण जिन्यात भिंगरी भेटे आणि तिला नाडी मोजायची असे. मी दोनदा ‘मला ताप आहे’ असं म्हणून दार लावून घेतलं, आणि त्यामुळेच दोनदा सापडले. दोघींची भांडणंही कमी झाली नाहीत. एकदा मी वर गेले, तर आत्या पलंगावर रुग्ण होऊन पडली होती.

“पेशंट अशी आहे, की ती कोणाचंच ऐकत नाही,” आत्या डोळे मिटून म्हणाली. “काय करशील?”

“नातेवाइकांना बोलावेन,” भिंगरी म्हणाली, “आणि म्हणेन, घेऊन जा हिला घरी.”

पलंगावरची पेशंट हसायला लागली. वडिलांनी आयुष्यात प्रथमच ताईला हसताना बघितलं असावं, कारण ते दारातच थांबले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

भिंगरी पास झाली. फार वरच्या नंबराने नव्हे, पण स्वच्छ. ज्या सकाळी ती कामावर रुजू व्हायला निघाली त्याच सकाळी आत्याही परत निघाली. दोघी एकाच रिक्षाने जाणार होत्या. खाली सगळी इमारत उभी होती, काही प्रेमाने, काही सुटकेने. भिंगरीने आत्याची बॅग रिक्षात ठेवली आणि वाकून तिच्या पाया पडली.

“एक वर्ष नीट काम कर,” आत्या तिच्या पाठीवर थाप मारत म्हणाली. “आणि तुझी हेडनर्स लोकांपुढे तुझ्याबद्दल वाईट बोलायला लागली, की मला फोन कर. मी पेढे घेऊन येते.”

“फोनच करीन,” भिंगरी घाईघाईने म्हणाली. “येऊ नकोस.”

रिक्षा निघाली तरी दोघींचा वाद कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता.